पांढुर्ण्याच्या बागेतली डावी स्की

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. फळी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पांढुर्ण्यात आल्यापासून ज्यानं त्यानं मला फळीच म्हटलं आहे आणि मला त्याचा आता कंटाळा आला आहे. तिगावहून आलेले एक पाहुणे तर मला उलटीसुलटी करून म्हणाले की ही जुन्या बसच्या सीटखालची पट्टी दिसते. मी तेव्हाही गप्प बसले, कारण बोलून सांगणार कोणाला?

स्की म्हणजे बर्फावरून घसरत जायचं साधन. दोन पायांना दोन लागतात. मी डावी. माझी लांबी जवळजवळ सात फूट, कारण मी साध्या सहलीची स्की नाही, वेगाच्या शर्यतीची आहे. डोंगराच्या माथ्यावरून सुटायचं आणि दीड-दोन मिनिटांत पायथ्याशी यायचं. वेग ताशी सव्वाशे किलोमीटर. तुमच्या नागपूरच्या रस्त्यावरून जाणारी मोटारसुद्धा मला मागे टाकू शकली नसती, आणि माझ्यावर बसलेली नव्हे, उभी असलेली एक मुलगी होती.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. आत लाकूड, त्यावर धातूचा पातळ पत्रा, काचेच्या धाग्यांचं कापड, पुन्हा पत्रा, आणि खाली काळं गुळगुळीत पोट. दोन्ही कडांना पोलादाची पट्टी, इतकी धारदार की नख ओढलं तर नखाचा भुगा पडतो. एकाच साच्यातून अशा तीस जोड्या काढल्या. मग त्या एका उतारावर घड्याळ लावून सोडून पाहिल्या. एकाच साच्यातल्या असल्या तरी एखादी जोडी पळते आणि एखादी पळत नाही. असं का, हे कारखान्यालाही सांगता येत नाही. आम्ही दोघी पळणाऱ्या निघालो, म्हणून आम्हाला व्रोनीकडे पाठवलं.

व्रोनी जर्मनीची. बव्हेरियातल्या एका डोंगराळ गावात तिच्या वडिलांचा गाईंचा गोठा. चौथ्या वर्षी ती स्कीवर उभी राहिली, एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात आली. आमची गाठ पडली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आमची देखभाल करायला डिटर नावाचा कारागीर होता. तो रोज तीन तास इस्त्रीनं आमच्या पोटात मेण जिरवायचा, मग खरवडायचा, मग ब्रशनं चकचकीत करायचा. तो फारसं कोणाशी बोलत नसे, पण आमच्याशी बोलायचा. म्हणायचा, उद्या बर्फ कोरडा आहे, नीट ऐका. मला इतक्या मानानं कोणी वागवलं होतं, हे मुद्दाम सांगते. पुढचं ऐकताना ते लक्षात असू द्या.

आता तुम्हाला वाटेल की मी पदकांची गोष्ट सांगणार. नाही. व्रोनी पहिल्या वर्षी चौथी आली. तिसरी जागा हुकली तीन शतांश सेकंदानं. तुमची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पदक द्यायच्या पायऱ्यांवर तीनच जागा असतात, चौथीला कोणी उभं करत नाही. पुढच्या महिन्यात पाचवी आली. मग पुन्हा चौथी. वर्तमानपत्रवाले तिला एकच प्रश्न विचारायचे, कुठे कमी पडलात? ती हसून उत्तर द्यायची आणि गाडीत येऊन हेल्मेट आपटायची.

तिसऱ्या वर्षी ती पडली. एका उडीनंतर आम्ही वाकड्या उतरलो. बूट अडकवायला आमच्या पाठीवर एक खटका असतो. जोराचा झटका बसला की तो सुटायला हवा, म्हणजे पाय पिरगळत नाही. उजवीचा सुटला. माझा सुटला नाही. तिचा डावा गुडघा माझ्याबरोबर फिरला आणि फाटला. खटका इतका घट्ट ठेवायला तिनंच डिटरला सांगितलं होतं, कारण तो मध्येच सुटला तर शर्यत जाते. तिनं मला कधी बोल लावला नाही. पण मी धरून ठेवलं होतं, ही गोष्ट मला आजही बोचते.

त्या गुडघ्यामुळे आमच्या आयुष्यात अश्विनी आली. अश्विनी पांढुर्ण्याची. नागपुरात फिजिओथेरपी शिकली आणि बव्हेरियातल्या एका दवाखान्यात कामाला लागली. नऊ महिने तिनं व्रोनीचा गुडघा रोज वाकवला. व्रोनी रडायची, शिव्या द्यायची, आणि अश्विनी शांतपणे मराठीत म्हणायची, "अजून एक." शेवटी व्रोनीला तेवढं मराठी पाठ झालं. व्यायाम संपला तरी ती स्वतःच म्हणायची, अजून एक. आम्हा दोघींना तिनं तिथेच आणून ठेवलं होतं, मी कोपऱ्यात उभी राहून ऐकायचे.

व्रोनी परत उतारावर आली तेव्हा संघानं स्पष्ट सांगितलं होतं. या हंगामात एकदा पहिल्या दहांत या, नाहीतर जागा सोडा.

आणि मग तो जानेवारीचा दिवस. तो मी कधी विसरणार नाही. तिचा सुटायचा क्रमांक आठवा होता. आम्ही सुटलो आणि पहिल्याच वळणाला मला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. बर्फ टणक होता. माझी कड जिथे ठेवायची तिथेच बसत होती. उजवी आणि मी एकमेकींकडे न बघता चाललो होतो. खाली पोचलो तेव्हा फलकावर हिरवा दिवा लागला. व्रोनी पहिली. बासष्ट शतांशानं पुढे. तिच्या मागून चांगल्या चांगल्या मुली आल्या, एकीलाही तिची वेळ गाठता आली नाही. ती खाली उभी होती, एका हातात मी, एका हातात उजवी.

बाविसावी मुलगी सुटायच्या आधी धुकं आलं.

तीन तास सगळे थांबले. धुकं हललं नाही. या शर्यतीचा नियम असा की ठरलेल्या संख्येइतक्या मुली खाली आल्या नाहीत तर शर्यत झालीच नाही असं धरतात. निकालाचा कागद छापलाच नाही. मित्रांनो, मी आयुष्यात सगळ्यात चांगली धावले तो दिवस कुठेही लिहिलेला नाही. कोणाची चूक म्हणावी? धुक्याची? रागावायला समोर कोणी नसलं की राग जास्त दिवस टिकतो, हे मी अनुभवानं सांगते.

पुढच्या दोन शर्यतींत व्रोनी सतरावी आणि विसावी आली. संघानं तिला सोडलं. मार्चमध्ये एका दुपारी तिनं मला उचललं आणि अश्विनीच्या हातात दिलं. "ही डावी तू ने," ती म्हणाली. "जिथे बर्फ पडत नाही तिथे ने. उजवी माझ्याकडे राहील. जोडीच नसली तर मला पुन्हा मोह होणार नाही."

अश्विनीनं विचारलं, "नक्की?"

"नक्की," व्रोनी म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मे महिन्यात अश्विनी मला घेऊन घरी आली. विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. पण नागपूरहून पांढुर्ण्याला येताना रेल्वेच्या डब्यात मला वरच्या बर्थवर आडवं टाकलं आणि माझ्यावर कोणीतरी लग्नाच्या आहेराची पिशवी ठेवली. एका बाईंनी विचारलं, "हे काय हाय वो, पोरी?" अश्विनीनं खूप समजावलं. त्या ऐकून म्हणाल्या, "अस्सं. म्हंजे घसरगुंडी हाय."

अश्विनीच्या वडिलांचं नाव केशवराव, आईचं मनकर्णाबाई. गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग आहे. मला आतल्या खोलीत गव्हाच्या कोठीजवळ ठेवलं. त्या महिन्यात इतकं ऊन होतं की डिटरनं वर्षानुवर्षं जिरवलेलं मेण माझ्या पोटातून आपोआप बाहेर आलं आणि भिंतीवर त्याचा डाग पडला. मनकर्णाबाईंनी तो चुन्यानं झाकला. अश्विनी परत जाताना वडिलांना बजावून गेली, "बाबा, हे आडवी नका ठेवजा, वाकून जाते. उभीच ठेवजा. लय काम केलं हाय हिनं."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. पण तिला काय माहीत.

केशवरावांचा एक स्वभाव आहे. कामाची वस्तू रिकामी पडलेली त्यांना बघवत नाही. त्यांच्या घरात जुना नांगरसुद्धा रिकामा नाही, त्यावर दोडक्याचा वेल चढवला आहे. येता-जाता ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "एवढं काम केलेली वस्तू, अन् नुसती बसून राहिली." वर्षभर मी हे ऐकलं. मला वाटायचं, या माणसाला माझं दुःख कळतं. वेडीच मी.

गेल्या वर्षी आंबिया बहार, म्हणजे दिवाळीनंतर तोडायचं पीक, असा लागला की फांद्या जमिनीला टेकायला आल्या. संत्र्याची फांदी फळानं वाकली की तिला खालून बांबूचा टेकू देतात, नाहीतर ती फाटते. बांबूच्या वरच्या टोकाला बेचकं असतं, त्यात फांदी बसते. सप्टेंबरात केशवरावांचे बांबू संपले. विहिरीजवळच्या झाडाची एक मोठी फांदी राहिली. त्यांनी विचार केला, पोरगी म्हणाली आहे उभी ठेवा, तर उभीच ठेवू. कोठीजवळ काय आणि झाडाखाली काय.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तशीच लावली. घसरण्यासाठी जन्मलेली मी, घसरले. फांदी हातभर खाली आली. केशवराव म्हणाले, "बिलकूल टिकून नाही राहिली हे." आणि करवत घेऊन आले.

मित्रांनो, माझं पुढचं टोक वर वळलेलं होतं. त्याच टोकानं मी हवा कापली होती. त्यांनी त्याला मधोमध कापून बेचकं केलं. मग पोटावर करवतीनं आडव्या खाचा पाडल्या, पकड यावी म्हणून. फांदीची साल सोलू नये म्हणून बेचक्यात गोणपाटाची घडी ठेवली. फांदीची केवढी काळजी. माझ्या खटक्याला त्यांनी पाण्याची बाटली अडकवली आणि समाधानानं दोन पावलं मागे सरून पाहिलं. अश्विनीचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "एकदम नीट हाय. उभी हाय."

सव्वाशेच्या वेगानं पळणारी मी एका जागी उभी. माझ्या अंगावरून मुंगळे चालायचे. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

आणि बरोबर एक महिन्यानं, नवमीच्या दिवशी, व्रोनी आली.

ती मला न्यायला आली होती. अश्विनी दसऱ्याला घरी यायची होती, व्रोनी तिच्याबरोबर निघाली. वर्षभर तिनं एकटीनं सराव केला होता. संघानं तिला एकच संधी दिली होती, जानेवारीत, त्याच धुक्याच्या डोंगरावर. तिला आमचीच जोडी हवी होती. पार्सलवर तिचा विश्वास नव्हता.

अश्विनीनं घरात शिरताच विचारलं, "बाबा, ती स्की कुठं हाय? कोठीजवळ दिसून नाही राहिली."

"वावरात उभी हाय ना," केशवराव म्हणाले. "चाल, दाखवतो. अशी कामाले आली का विचारूच नको."

खंडेनवमीला इथे अवजारांची पूजा करतात. मनकर्णाबाईंनी सकाळीच कुदळ, विळे, फवारणीचा पंप, सगळं धुऊन मांडलं होतं. मला जागेवरून काढता येत नव्हतं, म्हणून त्या बागेत येऊन मला हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून गेल्या होत्या. अशा थाटात व्रोनीनं मला पाहिलं.

मी तिला लांबूनच ओळखलं. डावा पाय ती अजून जरा जपून टाकते. ती हसत येत होती. मग जवळ आली आणि तिची नजर माझ्या टोकावर गेली. तिनं बोट पुढे करून बेचक्याची कापलेली कड चाचपली.

"काय झालं?" केशवराव म्हणाले. "काही बिघडलं का?"

अश्विनीचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, व्रोनी हिले परत न्यायला आली होती. हिच्यावरच पळणार होती जानेवारीत. आता हे नाही चालत. कधीच नाही चालत."

केशवरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "म्या करवत लावली हिले," ते म्हणाले. "माह्या हातानं." मग ते एकदम पुढे झाले आणि मला उपसायला लागले, जणू मला बाहेर काढलं की कापलेलं टोक परत येणार होतं. फांदी करकरली. व्रोनीनं झटकन वर हात करून फांदी धरली आणि ओरडली, "नाही." मराठीतच. तिच्या हातांना ते वजन कळलं असणार. तिनं मला पुन्हा घट्ट बसवलं, मग वळली आणि विहिरीपर्यंत चालत गेली. तिथून तिनं दगड उचलून लांब फेकले, एकामागून एक. बराच वेळ कोणी तिच्याजवळ गेलं नाही. मला वाटलं, फेक, माझ्याही वाटचे फेक.

परत आली तेव्हा ती माझ्या पायाशी बसली. केशवराव तिच्यासमोर उकिडवे बसले. ते अश्विनीकडे बघून म्हणाले, "तिले सांग, माफी तं मागतोच. पण अजून एक गोष्ट सांग. तीन साल झाले. मृगाचा बहार होता, उन्हाळ्याच्या तोंडी तोडायचा. ह्या बागेत तसं फळ आजवर लागलं नाही. पान दिसत नव्हतं, नुसता संत्रा. तोडा आठ दिवसावर आला अन् दुपारची गारपीट झाली. वीस मिनिटं. सगळा खाली. मंग साहेब लोक आले, त्याईनं झाडं किती, जागा किती, सगळं लिवून नेलं. लागला किती होता, ते कोनंच नाही लिवलं. तोडलाच नाही तं काय लिवतीन. पन मले मालूम हाय ना."

अश्विनीनं सगळं सांगितलं. व्रोनीनं मान वर केली आणि तिला विचारलं, "तू यांना धुक्याबद्दल सांगितलं होतंस?"

"नाही," अश्विनी म्हणाली. "कधीच नाही."

व्रोनी केशवरावांकडे वळली. "बासष्ट शतांश," ती म्हणाली. "मलाही माहीत आहे."

केशवरावांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यांनी मान हलवली. मग एक फळ तोडून तिला दिलं आणि म्हणाले, "आंबट हाय अजून, पन खाऊन पाहा." तिनं खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. माझं टोक पाहिल्यापासून ती आता पहिल्यांदा हसली. माझ्या खटक्यावर हात ठेवून म्हणाली, "धरलेलं सोडणं हिला कधी जमलंच नाही." हे ऐकून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं.

उठताना तिला त्याच झाडाची पलीकडची फांदी दिसली. तीही वाकली होती आणि तिला आधार नव्हता. व्रोनी बोट दाखवून म्हणाली, "अजून एक."

केशवराव चपापले. मनकर्णाबाई तोवर चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अवो, बोलते का हे आपल्यावानी?" मग व्रोनीनं आणि अश्विनीनं ती फांदी उचलून धरली आणि केशवरावांनी दुसऱ्या झाडाखालून एक जुना बांबू आणून कसाबसा लावला.

दसरा झाला. त्या रात्री अश्विनीनं वडिलांना धुक्याच्या शर्यतीची सगळी गोष्ट सांगितली. आपट्याची दोन पानं खिशात घालून व्रोनी गेली. मी राहिले. तिनं मला नेलं नाही, आणि ते बरोबर होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. बहार तोडून झाला होता, मी पुन्हा कोठीजवळ होते. व्रोनी दुसऱ्याच स्कींवर त्या डोंगरावरून उतरली होती. आकाश निरभ्र होतं.

"पह्यली आली का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तेवीसवी."

मग केशवराव म्हणाले, "शर्यत मोजली का पन ह्या बारीनं?"

"मोजली, बाबा."

"बस. झालं मंग."

तिथे व्रोनीची शर्यतीतली वर्षं संपली. दहा हंगाम, फाटलेला गुडघा एकच, पण तो पुरेसा होता. एकही पदक नाही.

यंदाच्या सप्टेंबरात पुन्हा फांद्या वाकल्या आणि मला पुन्हा बागेत नेलं. त्याच आठवड्यात घरी एक लांबलचक पार्सल आलं. आत उजवी होती. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. आधी मला संतापच आला. तोवर मी मनाशी धरून होते की निदान ती तरी अख्खी आहे, कुठे तरी बर्फाजवळ आहे. पण उजवीच्या टोकाला बेचकं कापलेलं होतं. पोटावर आडव्या खाचा होत्या. बेचक्यात गोणपाट मिळालं नसावं, म्हणून शर्यतीच्या जुन्या अंगरख्याची घडी शिवून बसवली होती. खटक्याला एक चिठ्ठी बांधली होती. वेड्यावाकड्या देवनागरीत त्यावर लिहिलं होतं, "अजून एक."

केशवरावांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसला आणि उजवीला खांद्यावर टाकून विहिरीजवळ आले. पलीकडच्या फांदीखालचा जुना बांबू काढून तिथे तिला उभी केली. आता आम्ही दोघी एकाच झाडाखाली, चार पावलांवर उभ्या आहोत. ताटातूट झाल्यापासून इतक्या जवळ आम्ही कधीच नव्हतो.

मित्रांनो, शेवटी एवढंच मागणं आहे. कोणाची वस्तू तुमच्या घरी आली, तर करवत काढण्याआधी तिला काय येतं ते एकदा विचारा. विचारायला फोन पुरतो. आणि कागदावर नाव नाही म्हणून एखादा धावलाच नाही असं कोणाला म्हणू नका. केशवराव कधी म्हणत नाहीत.

बाकी माझी तक्रार चालूच राहील. उजवीचं बेचकं व्रोनीनं स्वतः कापलेलं, अगदी सरळ आहे. माझं तिरकं आहे.